घोड्या पूजेत, गाडी विटांवर

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. घरच्या अंगणात, स्वतःच्याच ट्रकखाली, भर दुपारी तो चिरडला आणि साडेतीन महिन्यांनी कापावा लागला.

लिहायला बसलो तेव्हा दोन प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर होते. एक, घरच्या घरी गाडीखाली शिरून काम करणारे. दुसरे, पाय नाहीतर हात घेऊन महिनोन्महिने दवाखान्यात पडलेले आणि त्यांच्या उशाशी बसलेली त्यांची माणसं. पहिल्यांना सांगायचं थोडं आहे, ते मी लवकर उरकतो. दुसऱ्यांना सांगायचं आहे ते अवघड आहे. गाडी विटांवर चढवली ही चूक एका दुपारची. माझ्या बायकोमुळे माझा पाय गेला असं घरादाराला आणि पाहुण्यांना मी वर्षभर समजू दिलं, ही दुसरी. पहिलीची शिक्षा मी भोगली. दुसरीची तिनं.

खंडेनवमी

आमचं घर वडीगोद्रीला, हायवेपासून दोन शेतं आत. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माझा एक ट्रक होता आणि हंगामात तो साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीला असायचा. मला सगळं लिहून ठेवायची सवय. ग्रीस कधी भरलं, कोणतं टायर कुठे फिरवलं, कोणता बोल्ट कोणत्या महिन्यात बदलला, सगळं वहीत. हायवेवरचे ड्रायव्हर काही अडलं की म्हणायचे, "अंकुशभाऊला विचारा, त्याच्या वहीत आसंल." मला ते आवडायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे.

ऊस भरला की गाडी मागून बसायची. म्हणून मागच्या दोन्ही बाजूंच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगना, दोन-दोन पाटे वाढवायचे ठरवले. जुना जालन्यातल्या एका कमानवाल्याकडे ते करायला टाकले होते. ते नेमके खंडेनवमीच्या सकाळी आले. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला गाडी कारखान्यावर दाखवायचं मी मुकादमाला कबूल केलेलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूजेत मांडलेली वस्तू दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी उचलत नाही. काय काय मांडायचं याची यादी मीच वैजंताला, म्हणजे माझ्या बायकोला, दिली होती. जॅक, पाने, घण, पहार आणि दोन्ही घोड्या. घोडी म्हणजे लोखंडी पायांचं टेकण. जॅकनं गाडी उचलायची आणि वजन घोडीवर सोडायचं, तरच खाली शिरायचं. माझ्या घोड्या जाड पाइपाच्या होत्या, खास ट्रकसाठी करून घेतलेल्या. वैजंतानं त्या धुऊन, हळदी-कुंकू लावून, झेंडू वाहून देवापुढे मांडल्या.

मग मी डोकं चालवलं. माझी हत्यारं आज उचलायची नाहीत, ठीक. दुसऱ्याची तर उचलता येतात. हायवेवर रहीमभाईंचं पंक्चरचं दुकान. मी त्यांच्याकडे गेलो.

"आज तो तुम्हारी पूजा है ना अंकुशभाऊ? आज पाने कायकू मांगरे?"

"माझे पूजेत हायेत. तुमचे चालतात."

ते हसले. "मतलब तुम्हारे देव को मेरे पाने दिखते न्हाई?"

मीही हसलो. जॅक खांद्यावर घेतला तसे ते गंभीर झाले. "और घोडी?"

"बघतो काहीतरी."

"मेरे पास घोडी न्हाई. घोडी के बगैर नीचे नक्को घुसो भाऊ. कल कर लेव. गाडी कहीं भागती क्या?"

मी बरं म्हणालो आणि घरी आलो. न्हाणीघर बांधताना उरलेल्या विटा कुंपणाशी होत्या. त्या आडव्या-उभ्या रचून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, उंच केल्या, वर फळी टाकली. वैजंता ओसरीवर झेंडू ओवत बसली होती. माय देवीच्या देवळात माळ वाहायला गेली होती. घरात आम्ही दोघंच.

"अहो, हे काय करून राह्यले? घोड्या हायेत ना."

"पूजेत हायेत."

"मंग काय झालं? मी आणून देते. हळद-कुकू पुसते आन देवाला काय सांगायचं ते मी सांगते. दोष लागला तर मला लागू द्या."

"मांडलेली पूजा मोडायची न्हाई. तू फुलं ओव."

"इटा हायेत त्या."

"पक्क्या हायेत."

"पक्क्या भिंतीत असत्यात," ती म्हणाली.

मी उजवीकडची मागची दोन्ही चाकं उतरवली. चासी विटांवर, एक्सल जॅकवर. पूजेसाठी सकाळीच गाडी धुतली होती, त्यामुळे खालचा मुरूम ओला होता. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. पाट्याची पिन गंजून बसली होती, म्हणून एक्सलखाली पाय लांब करून बसलो आणि घणानं ठोकू लागलो. सहाव्या का सातव्या घावाला विटांचा भुगा झाला. आवाज मोठा नव्हता, वाळलेली ढेकळं तुडवल्यासारखा होता. चासी खाली आली, जॅक कलंडला आणि चाकाचा ड्रम माझ्या नडगीवर बसला.

सुरुवातीला दुखलं नाही. मी अगदी शांतपणे वैजंताला सांगितलं, "रहीमभाईला दुसरा जॅक घेऊन यायला सांग." ती चप्पल न घालता पळाली. रहीमभाई आणि चहाच्या टपरीवरचे चौघे आले. त्यांनी जॅक लावून एक्सल उचलला, पण तो धरून कशावर ठेवायचा? तेव्हा वैजंता घरात गेली आणि पूजेतल्या दोन्ही घोड्या एकेक करून छातीशी धरून घेऊन आली. त्यांच्यावर हळदी-कुंकू तसंच होतं. त्या खाली लावल्या आणि मला ओढून काढलं. ज्या पूजेसाठी मी हट्ट धरला, ती शेवटी मोडली. फक्त दोनएक तास उशिरा.

गाडीखाली शिरणाऱ्यांना

हे मी आता माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दुकान सुट्या भागांचं आहे, ट्रक विकला.

जागा सपाट, टणक आणि कोरडी हवी. गाडी गिअरमध्ये टाका आणि जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. चासीखाली दोन्ही बाजूंना गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी घोड्या लावा. पाटे सोडायचे असतील तर एक्सलला वेगळा आधार द्या, कारण पाटे सुटले की एक्सल मोकळा होतो. खाली शिरण्याआधी बाहेर उभं राहून गाडी जोरानं ढकलून बघा. हलणार असेल तर तेव्हाच हलू द्या. उतरवलेली चाकं आडवी करून चासीखाली सरकवून ठेवा, सगळं फसलं तरी तेवढी जागा राहील. वीट तडा जाताना आधी सांगत नाही, एकदम फुटते. दगडाचंही तेच. आणि घोड्या मिळत नसतील, मग कारण कितीही पवित्र असो, तर ते काम त्या दिवशी होत नाही.

यातलं एकूण एक मला तेव्हाही माहीत होतं. दुसऱ्यांना सांगतही होतो.

मायचा प्रश्न

जालन्याला पट्ट्या बांधून मला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हाडाचे तुकडे झाले होते, जखम उघडी होती. ऑपरेशन करून डॉक्टरांनी पायात आरपार सळया घातल्या आणि बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी जोडल्या. शुद्धीवर येऊन पाहिलं तर पाय बांधकामावरच्या परांचीसारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी माय आली. तिनं देवळातून परत येऊन अंगणातलं सगळं पाहिलेलं होतं. उधळलेली पूजा, ट्रकखाली कुंकू लागलेल्या घोड्या. तिनं तिच्या परीनं हिशोब जुळवला होता.

"अंकुशा, येक सांग. घरात घोड्या असून तू इटांवर का चढवली? हिनं दिल्या न्हाईत ना? पूजेतल्या हायेत म्हनली आसंल."

वैजंता पायथ्याशी थर्मासच्या झाकणात चहा ओतत होती. ती थांबली.

मी डोळे मिटले आणि मान हलवली. होकाराची.

"बराबर," माय म्हणाली. "आधी दिल्या न्हाईत, पाय गेल्यावर आणल्या."

वैजंतानं झाकण कपाटावर ठेवलं. "च्या गार व्हईल," म्हणाली, आणि बाहेर गेली.

त्या वेळी गुंगीत होतो असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. गुंगी होती, पण प्रश्न मला नीट कळला होता. दोन माणसांनी अडवलेलं असताना, हातभर अंतरावर घोड्या असताना अंकुश विटांवर गाडी चढवून खाली शिरला, हे मायला सांगायची मला लाज वाटली. मायला सांगितलं की गावाला कळणार. वहीवाल्या अंकुशभाऊचं हसं होणार. मला ते नको होतं. वैजंताचं काय होणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच नाही. नवऱ्यानं बायकोबद्दल लिहायला हे वाईट वाक्य आहे, पण खरं आहे.

वार्ड

दवाखान्याचा दिवस ठरलेला असतो. त्याचं वेळापत्रक पाठ झालं की भीती थोडी कमी होते, म्हणून नव्या पेशंटांना सांगतो, दोन दिवसांत ते शिकून घ्या. पहाटे ताप बघायचे. मग झाडू, फिनेल, आणि सोबतच्या माणसांना बाहेर काढायचं. दहाच्या पुढे ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या गाडीचं एक चाक करकरायचं. ते लांबून ऐकू आलं की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. एक सिस्टर होती, ती चिकटलेल्या पट्टीवर सलाईनचं पाणी ओतून चांगली पाच मिनिटं थांबायची. बाकीच्यांना घाई असायची. तिची पाळी कधी आहे ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचो, आणि त्या दिवशी सकाळचा चहा गोड लागायचा.

लाज लवकर सोडा, हेही सांगतो. मला बेडपॅनची इतकी लाज वाटायची की मी जेवणंच कमी केलं आणि अशक्तपणा ओढवून घेतला. वैजंतानं एक दिवस चादर आडवी धरली, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "मी गाणं म्हनू का? म्हंजे तुमाला वाटंल मी ऐकून न्हाई राह्यले." ती खाली फरशीवर सतरंजी टाकून झोपायची. साडेचार महिने.

शेजारच्या खाटेवर धावडा गावचे एक तात्या होते. शेळ्यांना पाला काढताना बाभळीवरून पडून त्यांची मांडी मोडली होती. हाड ताणायला त्यांच्या पायाला दोरी बांधून खाटेबाहेर दोन विटा टांगल्या होत्या. माझी हकिगत कळली तसे म्हणाले, "तुझ्या इटा फुटल्या आन माझ्या लटकून राह्यल्या. दवाखान्याला कमी पडल्या तर तुझ्याकडूनच मागवू."

भेटायला आलेल्या प्रत्येकाला माय तेच सांगायची. "हिनं घोड्या पूजेत मांडल्या, मागितल्या तर दिल्या न्हाईत." सांगता सांगता गोष्ट वाढत गेली. मी तर घोड्या मागितल्याच नव्हत्या. आलेल्या बायका खाटेखालची पिशवी आवरणाऱ्या वैजंताकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघून चुकचुकायच्या. वार्डातल्या इतर पेशंटांच्या बायकाही नळावर तिला जागा देईनाशा झाल्या.

माय दुष्ट नव्हती. तरुणपणी नवरा गेलेला, एकुलता मुलगा असा पडलेला. तिला तिचं दुःख कुठेतरी ठेवायला जागा हवी होती आणि ती जागा मी दाखवली होती.

एकदा माय गेल्यावर तात्या छताकडे बघत म्हणाले, "अंकुश, पोरीनं घोड्या दिल्या न्हाईत, ठीक हाय. मंग तू खाली शिरलाच कशाला? तुला कोणी ढकललं व्हतं का?"

मी झोपेचं सोंग घेतलं.

"कायतरी दडवून राह्यला गड्या तू," ते म्हणाले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आबा

थंडी पडल्यावर वैजंताचे वडील आले. आबा. अंबडजवळच्या गावाहून एसटीनं, मोसंबीची पिशवी घेऊन. बागेतली होती, हातानं निवडून आणलेली. त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. ते टेकले न टेकले तोच मायनं सगळं सांगितलं, साऱ्या वार्डाला ऐकू जाईल असं.

आबांनी ऐकून घेतलं. मग टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले.

"इहीनबाई," ते म्हणाले, "लेकराची चूक झाली. आमीच शिकवायला कमी पडलो. येवढं पदरात घ्या."

त्यांनी हात जोडले होते. वैजंता खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. तिनं आबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. वाट बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. तेवढा श्वास माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "आबा, बसा."

ते बसले. त्यांनी एक मोसंबी सोलली, प्रत्येक फोडीवरचा पांढरा पापुद्रा नखानं काढला आणि एकेक फोड माझ्या हातात ठेवत गेले. मी खाल्ल्या. जाताना त्यांनी वैजंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून निघाले. ड्रेसिंगच्या गाडीपेक्षा, ऑपरेशनपेक्षा, त्या सगळ्या महिन्यांतली ती पंधरा मिनिटं मला जास्त जड गेली. आणि मी काहीही केलं नाही.

निदान

जानेवारीत ताप उतरेनासा झाला. जखमेचा वास मलाच यायला लागला होता, वैजंता मात्र "न्हाई हो, फिनेलचा हाय" म्हणायची. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सरळ सांगितलं. हाडात पू झाला आहे. पाय ठेवायचा प्रयत्न करता येईल, पण वर्ष-दीड वर्ष आणखी ऑपरेशनं, आणि रक्तात विष पसरलं तर जीवाला धोका. गुडघ्याखाली कापला तर गुडघा वाचेल आणि कृत्रिम पायावर चांगलं चालता येईल.

मी एक दिवस मागून घेतला. वहीत दोन रकाने केले. कापण्याच्या बाजूला अकरा मुद्दे झाले. न कापण्याच्या बाजूला एकच शब्द लिहिता आला, 'पाय'. बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिलो. मग वैजंताला म्हणालो, "कापू दे."

"हो," ती म्हणाली. तिनं आधीच ठरवलं असावं. मी म्हणेपर्यंत थांबली होती.

अशा निर्णयात असलेल्यांना माझं सांगणं आहे. डॉक्टरांना विचारा, ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मी सकाळी उठून काय काय करू शकेन? त्या उत्तरानं मला धीर आला. तोवर सगळे फक्त काय जाणार ते सांगत होते.

कागदावर माझी आणि एका नातेवाइकाची सही लागते. वैजंतानं सही केली. माय बघत होती.

"आधी पाय घालवला, आता कापायला सही करती."

"सही मी सांगितली तिला," मी म्हणालो. तेवढंच. अर्धं खरं तोंडातून निघालं, उरलेलं तिथंच राहिलं.

नसलेली बोटं

पाय नसताना पायाची बोटं खाजतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी वेड लागल्यासारखा घाबरलो नसतो, म्हणून लिहून ठेवतो. खाजतात, आखडतात, कधी पेटल्यासारखी होतात. काही महिन्यांनी कमी होतं. एका दुपारी अंगठ्याला इतकी खाज सुटली की मी रडकुंडीला आलो. वैजंता म्हणाली, "कुठं? नेमकं दावा." मी चादरीवरची रिकामी जागा दाखवली. तिनं तिथली गादी खाजवली. मला बरं वाटलं. का वाटलं ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. नंतर कितीतरी वेळा ती न विचारता तिथं हात फिरवायची.

फेब्रुवारीअखेर घरी आलो. घरात मायनं व्यवस्था लावली होती. देवघरातलं सगळं तिनं स्वतःकडे घेतलं होतं. वैजंतानं देवापुढे दिवा लावायचा नाही, फुलं वाहायची नाहीत. कुणी तसं बोललं नव्हतं, पण ती देवघराच्या दाराशी आली की माय उठून पुढे व्हायची. मी खाटेवरून ते रोज पाहिलं. उद्या सांगू, असं रोज ठरवलं. कामं टाळण्याची मला सवय नव्हती, हे एकच टाळलं.

उन्हाळ्यात आबा गेले. शेताच्या बांधावर बसल्या बसल्या. माझी जखम पूर्ण भरली नव्हती, कृत्रिम पाय यायचा होता, मला जाता आलं नाही. वैजंता गेली, तेरा दिवस राहिली, परत येऊन कामाला लागली.

पुढची खंडेनवमी

त्या वर्षी मायनं स्वतः हत्यारं मांडली. शेजारच्या तीन बाया आल्या होत्या. वैजंता फुलांची परडी घेऊन आली तशी माय म्हणाली, "तू लांबच ऱ्हा बाई. गेल्या साली तुझ्या हातानं मांडल्या व्हत्या. पाह्यलं ना काय झालं ते?"

एक बाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या, एखादीचा हातच तसा असतो."

मी खुर्चीत होतो. नवा आलेला कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवलेला.

"माय," मी म्हणालो, "घोड्या पूजेत मी ठिवायला लावल्या. ती मला त्या काढून देत व्हती. मीच घेतल्या न्हाईत. रहीमभाई बी नगं म्हनले व्हते. इटांवर मी चढवली."

माय माझ्याकडे वळली. "मंग दवाखान्यात मान कोनी हलवली?"

"मी."

ती खाली बसली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. "म्हंजे वरीसभर तू माझ्या तोंडानं तिला बोलून घेतलं," ती म्हणाली. "माझं तोंड वापरलं रे तू."

तिथंवर माझा विचार पोचलाच नव्हता. मी एकीचा नव्हे, दोघींचा गुन्हेगार होतो.

मायनं दाराशी उभ्या वैजंताला हाक मारली. वैजंता आली, परडी मायच्या हातात दिली आणि आत जाऊन चूल पेटवली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. जेवणं झाल्यावर ती वही आणि पेन घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तीन बायांपुढं सांगितलं तुमी. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांची नावं लिव्हा. मी सांगते."

तिला सगळी नावं पाठ होती. कोण कोणत्या दिवशी वार्डात आलं, कोण काय बोललं, कोण कोणत्या गावचं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सव्वीस नावं झाली.

दिवाळीनंतर मी कृत्रिम पाय बांधून एसटीनं फिरायला लागलो. मावशी, मामा, मुकादम, वार्डातल्यांपैकी ज्यांची गावं माहीत होती ते. दारात उभं राहून तीच चार वाक्यं सांगायचो. कुणी म्हणालं, "जाऊ दे, झालं गेलं." कुणाला ती गोष्ट आठवतही नव्हती, आणि मी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही बाजू पहिल्यांदाच नीट ऐकल्या. धावड्याला तात्या अंगणात काठी घेऊन बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मला ठावं व्हतं. येका शब्दाचं काम व्हतं गड्या, अन तू त्याच्यासाठी सव्वीस दारं हिंडून राह्यला. जेवून जा."

शेवटी तिचं माहेर ठेवलं होतं. तिथं वैजंता बरोबर आली. मी सासूबाईंसमोर आणि मेव्हण्यासमोर सगळं सांगितलं. आबांनी हात जोडले तेव्हा मी गप्प बसलो, तेही. मेव्हणा उठून बाहेर निघून गेला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

मग वैजंतानं विचारलं, "आई, आबा माझ्यावर रागावले व्हते ना? दवाखान्यातून गेल्यावर येकदा बी आले न्हाईत. घरी आणलं तवा बी आले न्हाईत."

"राग कशाचा गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना लाज वाटायची. इहीनबाईपुढं कोणत्या तोंडानं जाऊ म्हनायचे. दर बाजारच्या दिवशी तुझ्याकडं यायला निघायचे. फाट्यापातूर जायचे आन माघारी यायचे."

परतीच्या एसटीत वैजंता खिडकीशी बसली. अंबड मागे गेलं. मी तिला काय म्हणावं ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं.

"पाच महिने," ती अखेर म्हणाली, बाहेर बघतच. "पाच महिने मला वाटलं आबा माझ्यावर रुसले. मीच म्हनलं, नसंल यायचं तर मी बी जात न्हाई."

तिच्या मांडीवरची पिशवी घसरत होती. ती मी माझ्याकडे घेतली आणि वडीगोद्री येईपर्यंत धरून बसलो.